ठिणगीला विटाळ नसतो

"शिवू नकोस रे गाढवा, शिवू नकोस. बोट जवळ ने. नुसतं जवळ. अजून. अजून थोडं. हां, आता थांब."

मास्तर ओरडत होते. वकिलाच्या मुलाचं बोट माझ्या नाकाच्या शेंड्यापाशी येऊन थांबलं. चट् असा आवाज झाला. माझ्या नाकातून निळी ठिणगी निघाली आणि त्याच्या बोटात शिरली. तो "अगं आई" म्हणत मागच्या बाकावर जाऊन पडला. सगळा वर्ग हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते कुणी पाहिलं नाही. वर्ग माझ्या केसांकडे बघत होता.

"पुढचा," मास्तर म्हणाले.

पुढचा आला. त्याला माझा कान हवा होता.

मी काचेच्या पायांच्या पाटावर उभा होतो. पाट लाकडाचा, पाय जाड काचेचे. शेजारी मेजावर विजेचं यंत्र. काचेची भलीमोठी थाळी, तिला फिरवायला लाकडी दांडा. दांडा फिरवला की थाळी चामड्याच्या गाद्यांवर घासायची आणि पितळी गोळ्यात वीज साठायची. गोळ्यापासून एक साखळी माझ्या हातातल्या पितळी कांडीपर्यंत. वीज माझ्या अंगात भरायची, आणि पाय काचेचे म्हणून जमिनीत उतरायची नाही. माझ्यातच राहायची. मग पोरं एकेक करून यायची आणि बोटांनी ती माझ्यातून काढून घ्यायची. कुणी नाकातून, कुणी कानातून, एका हलकटाने तर बेंबीतून.

धुळ्याची थंडीतली हवा म्हणजे काय विचारता. इतकी कोरडी, की म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला तरी म्हैस चमकते. माझे केस असे उभे राहत की कौलं वर उचलली जातील अशी हेडमास्तरांना भीती वाटे. लळिंगच्या किल्ल्यावरून दिसत म्हणे. तुम्ही म्हणाल, थापा. बरं, निम्मं सोडा. उरलेलं निम्मं मात्र ठेवा, त्यातला चटका खरा आहे.

आमचे सायन्सचे मास्तर वाईट नव्हते. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना राक्षस समजाल आणि सुटाल. ते सुधारक होते. अस्पृश्यता वाईट या विषयावर पांझरा नदीच्या वाळवंटात सभा झाली तेव्हा त्यांनी असं भाषण केलं की गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या रडल्या. नंतर सहभोजन होतं. मास्तरांचं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडलं.

शिकवायचे मात्र झकास. विजेचे वाहक कोण आणि अवाहक कोण, हे त्यांनी आम्हाला एका तासात शिकवलं. सबंध मुंबई इलाख्यात तसं कुणी शिकवलं नसेल.

"सोवळ्याचा कायदा आणि विजेचा कायदा एकच," ते म्हणाले. "रेशमातून विटाळ जातो का?"

"नाही," वर्ग म्हणाला.

"वीजही जात नाही. लोकरीतून?"

"नाही."

"वीजही नाही. ओल्या सुतातून?"

"जातो, जातो."

"वीजही जाते. पाण्यातून, धातूतून, माणसाच्या अंगातून. सगळं तसंच. आता समजा," आणि त्यांनी दाराकडे हात केला. मी तिथे गोणपाटावर बसलेलो होतो. "समजा, हा विजेने भारलेला पदार्थ आहे. त्याला हा शिवला, ह्याला तो शिवला, तर वीज कुठवर जाईल?"

"घरापर्यंत," मागून कुणीतरी म्हणालं. "आजी आंघोळ घालेपर्यंत."

वर्ग खदखदून हसला. मास्तरही हसले. धडा सगळ्यांना एका दमात पाठ झाला. मला तर झालाच. तो धडा मी घरूनच पाठ करून आलो होतो, फक्त त्यात वीज असते हे ठाऊक नव्हतं.

गंमत अशी की विषय मला आवडायचा. आवडायचा काय, वेड होतं. दर शनिवारी मास्तर फळ्यावर एक कठीण सवाल घालत. पुस्तकातला नव्हे, स्वतःच्या डोक्यातला. गाडीचं चाक रस्त्यावरून पळतं, तर चाकाचा वरचा भाग गाडीच्या किती पट वेगाने पळतो? विहिरीत दगड टाकला, आवाज यायला अमुक वेळ लागला, विहीर किती खोल? होडीत दगड आहे, होडी तळ्यात आहे, माणसाने दगड उचलून तळ्यात टाकला, तर तळ्याचं पाणी चढेल, उतरेल की तितकंच राहील? जो बरोबर सांगेल त्याला बक्षीस एकच. यंत्राचा दांडा फिरवायचा. पोरं त्या दांड्यासाठी जीव टाकायची.

होडीच्या सवालाला अख्खा वर्ग म्हणाला, पाणी चढेल. दगड टाकला म्हणजे चढणारच. मी म्हणालो, उतरेल. दगड होडीत असतो तेव्हा स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो, आणि बुडाला की नुसतं स्वतःच्या आकाराइतकं. दगड पाण्यापेक्षा जड, म्हणून पाणी उतरेल.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "शाबास. बरोबर."

मी उठलो. मेजाकडे निघालो.

"तिकडे नको," मास्तर म्हणाले. "तू पाटावर."

तो माझा पाटावरचा पहिला दिवस. इतरांना बक्षीस म्हणजे दांडा. मला बक्षीस म्हणजे पाट. त्याआधी पाटावर उभं करायला पोरगं मिळत नव्हतं. एका सावकाराच्या मुलाला उभं केलं होतं, तर तो घरी जाऊन रडला आणि त्याचा बाप छत्री घेऊन शाळेत आला. मी रडलो तरी छत्री घेऊन येणारं कुणी नव्हतं.

मास्तरांची अडचण मी समजून घेतली होती. त्यांनी ती मला खासगीत, व्हरांड्यात, चार हातांवरून समजावलीही होती.

"मला काही नाही रे. पण तू दांड्याला हात लावलास, की पालक म्हणणार यंत्र धुवा. आणि हे यंत्र धुतलं की मेलं. ओल लागली की वीज साठत नाही. शास्त्रच आहे, माझा इलाज नाही."

"मग साखळी, मास्तर? साखळी तर माझ्यापर्यंत येते. धातूची आहे."

मास्तरांचा चेहरा उजळला.

"वीज यंत्राकडून तुझ्याकडे वाहते. तुझ्याकडून यंत्राकडे नाही. नदीचं पाणी कधी वर चढतं का?"

म्हणजे यंत्र वरच्या अंगाला आणि मी खालच्या. जसा गावात आमचा पाणवठा. पितळी कांडी मात्र माझी वेगळी होती. ती व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली असे.

पोरांचीही एक शंका होती. पुराणिकांच्या घरातल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "गुरुजी, ठिणगीतून विटाळ येतो का?"

सगळ्यांची बोटं माझ्या नाकाला लागून आली होती की नव्हती, हा प्रश्न होता. मास्तरांनी डोळे मिटले, विचार केला आणि निकाल दिला.

"ठिणगी हा अग्नी आहे. अग्नीला विटाळ नसतो. शिवाय मध्ये हवा आहे. हवा अवाहक आहे."

पोरं खूश. पुढच्या शनिवारी रांग दुप्पट.

असा मी शाळेचं खेळणं झालो. न शिवता खेळता येतं असं खेळणं. दुपारच्या सुट्टीत लहान वर्गातली पोरंसुद्धा मला बघायला येत. "तो बघ, विजेचा," म्हणत. माझं नाव कुणी घेत नसे. हजेरीतसुद्धा एकदा एका मास्तरांनी चुकून "पाटावरचा" म्हणून हाक मारली आणि मी "हजर" म्हणालो. म्हणालो मीच. हे लिहिताना दात आवळले जातात.

आमचा आबा, म्हणजे माझा बाप, जीनमध्ये कामाला होता. दिवसभर कापसाची सरकी निघायची आणि तो घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. मी त्याला म्हणालो, मला ते यंत्र एकदा फिरवायचं आहे. हळू फिरवलं तर ठिणगी किती लांब उडते, भरभर फिरवलं तर किती, थंडीत किती, दमट दिवशी किती. दुसऱ्याने फिरवलेलं बघून कळत नाही. हाताला कळलं पाहिजे.

आबा हसला. "फिरावनं शे? चाल जीनमा. बठ्ठा दिवस फिराव. कोन ना म्हनस?"

"तसं नाही, आबा."

"मंग कसं?"

मी उजवा हात हवेत फिरवून दाखवला. तो भाकरी खात राहिला.

मग तो शनिवार आला. फळ्यावर सवाल असा होता: पाटावर मुलगा उभा आहे. यंत्र फिरणार आहे. मुलाच्या अंगात वीज मुळीच साठू द्यायची नाही, एकही ठिणगी उडता कामा नये. यंत्र थांबवायचं नाही, साखळी काढायची नाही, मुलाला पाटावरून उतरवायचं नाही. उपाय सांगा. सर्वांत सोप्या उपायाला बक्षीस.

वर्गाने डोकं खाजवलं. एक म्हणाला, मुलाच्या कमरेला ओलं सूत बांधा आणि टोक जमिनीवर सोडा. दुसरा म्हणाला, पायाला लोखंडी तार बांधा आणि तार विहिरीत सोडा. तिसऱ्याने सुई सुचवली, टोकातून वीज गळून जाते म्हणून. चौथा म्हणाला, नाकापुढे दिवा धरा, ज्योतीने वीज जाते. एक महाभाग म्हणाला, लांबून पिचकारीने पाणी मारत राहा. मास्तर मान डोलवत होते. शास्त्राने सगळी उत्तरं बरोबर होती.

मी हात वर केला.

"बोल."

"कुणीतरी त्या मुलाचा हात धरून उभं राहावं."

कुणी हसलं नाही. हुशार हुशार पोरं, पुढे त्यांतली कितीतरी कुठल्या कुठे गेली. विहिरीपर्यंत तार नेली त्यांनी, पिचकारी आणली, दिवा लावला. हात धरणं कुणाला सुचलं नाही. फळा बघताना पाटावरचा मुलगा त्यांना आपोआप मीच दिसत होतो.

"चूक," मास्तर म्हणाले.

"कसं चूक, मास्तर? माणसाचं अंग वाहक आहे. हात धरणारा जमिनीवर उभा आहे. वीज त्याच्यातून जमिनीत जाईल. साठणारच नाही."

"शास्त्र बरोबर आहे. पण सवालात ते धरलेलं नाही."

"फळ्यावर तसं लिहिलेलं नाही."

"सगळंच फळ्यावर लिहायचं नसतं," मास्तर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "काही गोष्टी गृहीत असतात."

दांडा ओल्या सुतवाल्याला मिळाला. मला पाट मिळाला.

त्या दिवशी पाटावर उभ्या उभ्या माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला, आणि तो यंत्राचा नव्हता. ठिणगी कशामुळे उडते? मी भारलेला आहे म्हणून? नाही. त्यांचं बोट जवळ येतं आणि थांबतं म्हणून. मधे जी फट ठेवतात ना, तिच्यातून ठिणगी उडते. घट्ट धरलं तर काही नाही. चटका न शिवण्याचा आहे. आणि तो दोघांना सारखाच बसतो, फक्त त्यांना एकेकदा, मला अख्ख्या रांगेचा. इतकी साधी गोष्ट. मास्तरांच्या लक्षात कशी आली नसेल? आली असणार. म्हणून तर आवाज मऊ झाला होता.

पुढे बातमी आली की शाळा तपासायला साहेब येणार. शाळेत चुन्याचे हात फिरले. मास्तरांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"साहेबांसमोर पाटाचा प्रयोग आहे. नीट उभा राहा. हलायचं नाही, हूं की चूं नाही. मग त्याच दिवशी, साहेबांच्या देखत, एकदा तुला दांडा फिरवू देईन."

"आणि पालक?"

"साहेबांसमोर कोण बोलतो? शपथ घेतो."

जानव्याला हात लावून शपथ घेतली. मी त्या रात्री झोपलो नाही म्हटलं तर तुम्ही म्हणाल हे नेहमीचंच. झोपलो. पण झोपेत माझा उजवा हात फिरत होता असं आई सांगते. शेजारच्या भावाला दोन गुद्दे बसले.

साहेब आले. आपल्याकडचेच, फक्त कोट विलायती. सोबत हेडमास्तर, दोन वकील, एक कापसाचे व्यापारी. मी पाटावर. सावकाराचा मुलगा दांड्यावर. थाळी फिरली, माझे केस उठले. साहेबांना मजा वाटली. त्यांनी काठीची चांदीची मूठ माझ्या कपाळाजवळ आणली. चट्. पुन्हा आणली. चट्. साहेब लहान मुलासारखे खुलले. व्यापाऱ्यांनी अंगठीवाला हात आणला. वकिलांनी आणला. मी हललो नाही. दांड्याकडे बघत होतो.

"मुलगा विषयात कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. होडीचा दगड त्यांना आठवत होता. मला त्यांच्या डोळ्यांत तो दिसला. मग ते म्हणाले, "पाटावर उत्तम उभा राहतो, साहेब."

"मग अजून काय पाहिजे," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

मी तोंड उघडलं. "मास्तर, आता दांडा माझ्याकडे."

"थोडा विनोदी आहे," मास्तर साहेबांना म्हणाले. मला हळूच म्हणाले, "गप्प राहा. नंतर बघू."

नंतर. माझ्या बापाच्या बापालाही कुणीतरी नंतर म्हणालं असेल.

मास्तर साहेबांना यंत्र समजावायला माझ्या बाजूला वळले. त्यांचा हात माझ्या हाताच्या टप्प्यात होता. मी तो धरला. बोट लावलं नाही. पंजात पंजा घालून धरला. आधी एक ठिणगी उडाली, मोठी, ती दोघांना बसली. मग काही नाही. माझे केस खाली बसले. सावकाराचा मुलगा घाबरून दांडा फिरवतच राहिला, यंत्र करकरत राहिलं, आणि काही म्हणजे काही होईना. वीज माझ्यातून मास्तरांत आणि मास्तरांतून धुळ्याच्या जमिनीत मुकाट निघून जात होती.

मास्तरांचा हात मऊ होता. घामेजलेला. माझ्यासारखाच गरम. ते ओढत होते, मी सोडत नव्हतो.

"ठिणगी उडतेय का, मास्तर?" मी विचारलं.

मग कुणीतरी किंचाळलं आणि मला छडीने पाटावरून खाली पाडलं.

साहेब चहा न पिता गेले. पालकांनी यंत्र गोमूत्राने धुवायला लावलं आणि यंत्र खरंच मेलं. मास्तरांचं शास्त्र तेवढं पक्कं होतं. उन्हाळ्यापर्यंत त्यातून मुंगीला बसेल एवढीही ठिणगी निघाली नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी आबाला जीनमधून बोलावून घेतलं. तो तसाच आला, डोक्यावर कापूस घेऊन, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. मी त्याच्या शेजारी. आत मास्तर खाली मान घालून बसले होते.

हेडमास्तर रागावले नाहीत. समजूतदार माणूस. म्हणाले, "हे बघ, पोरगा हुशार आहे, त्याचं वर्ष बुडावं असं मला वाटत नाही. पालक शाळेतून याचं नाव काढा म्हणून बसलेत. मी एक वाट काढलीय. यानं प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं, माझा हात चुकून लागला. बस. मग बाकीचं मी मिटवतो."

मास्तरांनी मान वर केली. "म्हण बाबा," ते म्हणाले. "मी पण चुकूनच लागला म्हणतो आहे."

आबाने माझ्या पाठीला हात लावला. "म्हन ना रे पोऱ्या. एकच शबूद शे. तुना काय जास?"

एकच शब्द होता, खरं. माझ्या डोळ्यांसमोरून तो शब्द फिरला. चुकून सावली पडली. चुकून पाण्याला लागलो. चुकून वाटेत आलो. आमचं सगळं जगणं चुकून. जन्मभर काही केलं तर ते चुकून, आणि आमच्याशी काही केलं तर ते गृहीत. हुशार आहे म्हणत होते ना? मग हुशार माणसाने केलेली एक गोष्ट तरी त्याची स्वतःची असू द्या. शाळा जाईल. दांडा तर गेलाच होता. पण यापुढे मी जे करीन ते केलं म्हणेन, आणि त्याची जी शिक्षा असेल ती घेईन. तो शब्द माझ्या तोंडातून निघायचा नाही.

"चुकून नाही," मी म्हणालो. "धरला."

मास्तरांनी पुन्हा मान खाली घातली. हेडमास्तर माझ्या डोक्यावरून आबाकडे वळले.

"लहान आहे तो. तुम्हाला कळतं. बापानं म्हटलं तरी चालेल. तुम्ही म्हणा, चुकून लागला. नाहीतर मला आत्ता याचं नाव काढावं लागेल."

आबाने पाठीवरचा हात काढला नाही.

"काढी टाका," तो म्हणाला.